सावली बंद, गवत बंद

रिजवानला आपल्या बायकोचा पहिल्यांदा हेवा वाटला तो तिनं गवत बंद केलं तेव्हा. तो हेवा आहे हे काही त्याला त्या वेळी कळलं नाही. त्याला वाटलं, आपल्याला नुसतं हसू येतंय.

गवत मोबाईलमधलं होतं. एक खेळ होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं आणि बाभुळगावात ते कुणी घेत नसे. सगळे त्याला ‘किल्ला’च म्हणत. इकडे दोघं, तिकडे दोघं. दोन्ही टोकांना दोन किल्ले, मधे जंगल, जंगलातून जाणाऱ्या वाटा. आपले शिपाई कुठल्या वाटेनं धाडायचे, कुठं दबा धरून बसवायचे, धान्य आधी साठवायचं की तटबंदी आधी चढवायची, असा सगळा डोक्याचा मामला. समोर कोण बसलंय ते कधीच ठाऊक नसे. कधी नागपूरचे असत, कधी कुठल्या समुद्रापलीकडचे. ज्याचा किल्ला आधी पडला तो हरला.

रिजवानचं बसस्टँडच्या मागे मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, तो त्यांच्यातली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरायचा. पण त्या साली कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी निघाली आणि डिसेंबर संपायच्या आत लोकांनी उभ्या पिकात रोटावेटर घातले. ओलित करायला शेतात काही उरलंच नाही, तर मोटारी चालतील कशाला आणि जळतील कशाला? दुकान दिवसभर उघडं असायचं आणि रिजवान दिवसभर मोकळा असायचा. त्याचा मित्र पियुष तर त्याहून मोकळा. पियुषच्या वडिलांनी, घनश्यामभाऊंनी, कपाशी मोडून हरभरा पेरला होता आणि ‘आता शेतात तुले पाहून मले अजून राग येते’ असं सांगून पोराला शेतातून हाकललं होतं. ते दोघं दुकानातल्या बाकड्यावर बसून किल्ला खेळत. दोन वर्षांची जोडी होती. पंचक्रोशीत त्यांना हरवणारं कुणी नव्हतं.

कहकशांला हा खेळ रिजवाननंच शिकवला. उन्हाळ्यात त्यांचा निकाह झाला होता. ती राळेगावची, तिथले गुलाम नबी गादीवाले, त्यांची मुलगी. घरात रिजवानच्या अम्मीशी बोलणं हिंदीतून चाले, आपसात वऱ्हाडीतून, कारण कहकशां मराठी शाळेत शिकलेली. सुरुवातीला दोघांना बोलायला विषय सापडत नसे. मग एका दुपारी त्यानं तिच्या जुन्या फोनवर किल्ला टाकून दिला, आपल्या फोनवर जशी बटणं होती तशी तिच्याही फोनवर लावून दिली आणि म्हणाला, “पाह्य, हे शिपाई. हे जंगल. आता लढ.”

आठवडाभर ती हरत राहिली. मग एकदा तो दुकानातून आला तेव्हा ती सेटिंग उघडून बसली होती. त्यानं मागून डोकावून पाहिलं आणि दचकलाच. फोनवरचं जंगल गेलं होतं. झाडांच्या जागी हिरवे खुंट, नदीच्या जागी निळा पट्टा. सावली नाही, पाऊस नाही, धूर नाही. आणि गवत, ज्याच्यावर वारा आला की लाट जायची, जे नीट दिसावं म्हणून रिजवाननं दुकानाच्या कमाईतून चांगला फोन घेतला होता, ते गवत सगळं साफ.

“हे काय केलं?” तो हसत म्हणाला. “घराले पोपडे आल्यासारखं दिसून राह्यलं.”

“फोन जुना आहे ना. सावली काढाले लागला की अटकते.” ती मान वर न करता म्हणाली. “आन गवत बंद केलं की एक गंमत होते. पाहा.”

तिनं बोट ठेवलं तिथं, निळ्या पट्ट्याच्या काठाला, समोरच्याचे चार शिपाई उघड्यावर बसले होते. ते बिचारे आपण गवतात लपलोय अशाच समजुतीत होते.

“हे चालते?” रिजवाननं विचारलं.

“त्यायनंच बटन देलं आहे बंद कराचं. मंग चालनच ना.”

तो हसला. पण त्या रात्री जेवताना भाजीत मीठ कमी आहे असं तो म्हणाला, आणि अम्मी म्हणाली की मीठ बरोबर आहे.

त्यानंतर कहकशांनं एकेक करून सगळंच बदललं. तिची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, मग त्यावर काही डाव खेळायचे आणि बरं वाटलं तरच ठेवायची. शिपाई धाडायचं बटण मोठं करून खाली आणलं. न लागणारी बटणं इतकी फिकी केली की ती दिसेनाशी झाली. फोनचं थरथरणं बंद. बोट किती सरकवलं म्हणजे नकाशा किती सरकावा, ते तर ती दर दिवशी चिमूटभर कमी-जास्त करी, आमटीत तिखट घातल्यासारखं. आपोआप निशाणा धरायची सोय होती, तीही तिनं काढून टाकली. “तो जवळच्याले मारते,” ती म्हणाली, “मले दूरचा मारायचा असते.”

आणि सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे ती फोन हातात धरतच नसे. सगळं जग फोन दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी खेळतं. ही फोन समोर आडवा ठेवी आणि दोन्ही हातांची बोटं वरून चालवी. माहेरी ती वडिलांसोबत गाद्यांना टाके घालायची. त्या कामात डावा हात कापूस दाबत पुढं सरकतो आणि उजवा मागून सुई घेऊन येतो. हाताकडं बघावं लागत नाही. तेच तिच्या बोटांत मुरलं होतं. डाव्या हाताच्या बोटांनी नकाशा सरकायचा आणि उजव्या हाताची बोटं शिपाई उचलायची. फोन घसरू नये म्हणून गुलाम नबींनी लेकीला एक इवलीशी गादी भरून दिली होती, फोनच्या मापाची, कडेला लाल गोट, मधे चार टाके. त्या साली बाजारात सगळा डागी कापूस होता; त्यातून निवडून निवडून पांढरा काढला, असं ते फोनवर सांगत होते. त्यांच्या घरात नाजूक वस्तू म्हटली की तिची जागा कापसावर. घड्याळ असो, काचेची बरणी असो, नवं जन्मलेलं लेकरू असो. मग मोबाईल तरी कसा उघड्या फरशीवर ठेवायचा?

दिवाळीनंतर कहकशांचा क्रमांक रिजवानच्या वर गेला.

क्रमांक काही मोठ्या आवाजात जाहीर होत नसतो. खेळ उघडला की ओळखीच्या लोकांची नावं एकाखाली एक दिसतात, एवढंच. रोज सकाळी सगळ्यात वर पियुषचं, मग रिजवानचं नाव असे. एका सकाळी तो चहा पिताना खेळ उघडतो तर मधे ‘कहकशां’. त्यानं फोन बंद करून पुन्हा चालू केला. नाव तिथंच होतं.

“चहात साखर टाकू का अजून?” तिनं विचारलं.

“कायले?”

“तोंड वाकडं करून राह्यले म्हणून.”

त्याच दुपारी पियुष दुकानात आला तोच नाचत. “अबे रिजवान, भाभीनं काल काय मारलं बे! मी उजव्या वाटेनं अटकलो होतो, आता गेला किल्ला म्हणलं, तर भाभी मागून आली. समोरच्यायले समजलंच नाई कोन कुठून आलं ते!”

“तुमी काल खेळले?” रिजवाननं विचारलं.

“तू मोटार घेऊन गेलता ना सावर गावाले. मंग मी भाभीले बोलावलं खेळात. ते आपल्या घरी, मी माह्या घरी.” पियुषनं त्याच्याकडं पाहिलं. “काहून? नव्हतं बोलवाचं?”

“बोलाव ना. मले काय.”

त्याला काय, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. पियुषचा संशय येण्यासारखं त्यात काही नव्हतं. पियुष असा माणूस होता की ज्याला बाई समोर असली तरी किल्लाच दिसे. पण पियुष जे ‘काय मारलं बे’ म्हणायचा ना, ते गेली दोन वर्षं रिजवानबद्दल म्हणायचा. तो शब्द आता घर बदलून गेला होता, आणि गेला होता तोही त्याच्याच घरात.

मग रिजवान बारीकसारीक गोष्टी करू लागला. ती डावात अगदी रंगली की त्याला तहान लागे. किल्ला पडायच्या बेतात आला की अम्मी बोलावते आहे असं त्याला ऐकू येई. कहकशां उठायची, पाणी द्यायची, पुन्हा बसायची आणि बहुतेक वेळा तरीही जिंकायची. एकदा तर पाण्याचा तांब्या देता देता डाव्या हाताच्या दोन बोटांनी तिनं नकाशा सरकवला. त्या दिवशी त्यानं तो तांब्या न पिताच खाली ठेवला.

जानेवारीत बातमी आली. यवतमाळच्या एका मोबाईलवाल्यानं जिल्ह्याची स्पर्धा ठेवली होती. आधी घरबसल्या एक फेरी, तीन डावांत दोन जिंकले की यवतमाळच्या हॉलमधे पुढच्या लढती. जोडी दोघांची, पण नावं तिघांची द्यायची, एक राखीव. दोन डावांच्या मधे राखीव खेळाडू आत घेता यायचा.

पियुष बाकड्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. “एक बोलू का? रागावशीन नको.”

“बोल.”

“मी आन भाभी खेळतो. तू राखीव राह्य.”

रिजवान तारेचं वेटोळं सोडवत होता. तो ते सोडवतच राहिला. “भाभीले विचारलं का?”

“तुले विचारल्याशिवाय कसं विचारीन? तू हाओ म्हणशीन त मंग.”

“हाओ,” रिजवान म्हणाला. बोलणं तोंडातून निघून गेलं आणि वेटोळ्याला गाठ बसली.

त्या दिवसापासून त्यानं एक काम चोरून सुरू केलं. कहकशां अम्मीसोबत बाजारात गेली की तो तिचा फोन उघडी आणि तिची सगळी सेटिंग आपल्या फोनवर उतरवून घेई. बटण कुठं, केवढं, किती फिकं. सावली बंद. गवत बंद. मग दुकानात, पाठ रस्त्याकडे करून, फोन बाकड्यावर आडवा ठेवून तो बोटांनी खेळायला बसे. त्याची बोटं म्हणजे वायंडिंगची बोटं, पक्की आणि जाड. एक शिपाई उचलायला जावं तर दोन वाटांवरचे उठत. जुन्या सवयीनं अंगठा जिथं जाई तिथं आता बटण नसे. कुण्या नवशिक्यानं त्याचा किल्ला पाडला आणि वर एक हसरा चेहरा पाठवला.

“अबे,” मागून पियुषचा आवाज आला. “तुह्या फोनातलं गवत कुठी गेलं?”

“फोन गरम होऊन राह्यला म्हणून काढलं,” रिजवान म्हणाला.

पियुषनं एकदा त्याच्या बोटांकडं पाहिलं आणि तो बाजूला बसला, आणि ते पाहणं रिजवानला चापटीसारखं लागलं. संध्याकाळी त्यानं सगळं पुन्हा जागेवर आणलं. गवत आलं, सावल्या आल्या, नदी वाहू लागली. किती सुंदर दिसत होतं ते! आणि त्यातून त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

स्पर्धेच्या आधी पियुष आणि कहकशां रोज दुपारी सराव करू लागले. पियुष घरी यायचा, बैठकीत एका कोपऱ्यात बसायचा. दुसऱ्या कोपऱ्यात कहकशां, समोर ती लाल गोटाची गादी आणि तिच्यावर फोन. अम्मी मधे तांदूळ निवडत बसे आणि दोघांनाही ओरडे. पहिले दोन-तीन दिवस सगळं झकास चाललं. मग अडचण सुरू झाली. डाव अर्ध्याच्या पुढं गेला की कहकशांचा फोन अडखळायचा. बोट लावल्यावर शिपाई क्षणभर उभाच राहायचा, मग एकदम उडी मारून पुढं. एकदा हे अडखळणं सुरू झालं की डाव हातचा जायचा.

“टॉवरचं काही असन,” पियुष म्हणाला. “दुपारी सगळं गाव नेट चालवते.”

“मंग तुमचं नाही अटकत ते?” कहकशांनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर गादी नेऊन बसली. पुन्हा तेच. तिनं फोनमधले फोटो काढून टाकले. पुन्हा तेच. सेटिंगमधे खाली करण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. जंगलाचे खुंटसुद्धा ओळखू येत नव्हते.

ती पाणी प्यायला उठली तेव्हा रिजवाननं सहज फोन उचलला आणि पाठीला तळहात लावला. मोटार बघायची त्याची हीच रीत होती, आधी हात लावायचा. हात लावला आणि त्याला सगळं कळलं. फोन तव्यासारखा तापला होता. आणि गादीवर जिथं फोन होता तिथला कापूसही ऊन होता. मागच्या वर्षी उकंडा नावाच्या एका शेतकऱ्यानं थंडीत मोटार गारठू नये म्हणून तिला जुनी गोधडी गुंडाळली होती. ती मोटार आतून जळून कोळसा होऊन त्याच्याकडे आली. कापूस ऊब धरून ठेवतो. त्यासाठीच तर माणूस तो अंगावर घेतो. फोन तापला की तो स्वतःला वाचवायला हळू चालतो. एवढीच गोष्ट होती. गादी काढा, मागचं रबरी कव्हर काढा, फोन थंड फरशीवर ठेवा, संपलं.

कहकशां दारात येऊन उभी राहिली. “काय झालं? काही समजलं का तुमाले?”

तिच्या चेहऱ्यावर आशा होती. तो मोटारी दुरुस्त करतो, त्याला यंत्रातलं कळतं, असं तिला मनापासून वाटायचं. शेजारणींना ती तसं सांगायचीही.

“टॉवरच आहे,” रिजवान म्हणाला आणि फोन पुन्हा गादीवर ठेवला.

नंतर त्यानं स्वतःला बरीच कारणं दिली. सासऱ्यांनी एवढ्या प्रेमानं गादी दिली, तिला नाव कसं ठेवायचं? आपलं चुकतही असेल. उद्या सांगू. पण उद्या आला तेव्हा त्यानं सांगितलं नाही, आणि तिचा फोन अडखळला की त्याच्या छातीत थोडं गार वाटे. ते गार वाटणं त्याला आवडत नव्हतं. पण ते यायचं, आणि ते आलं की तो ते घेत असे.

फेरीच्या आदल्या दिवशी कहकशां त्याला म्हणाली, “तुमीच खेळा पियुषभाऊंसोबत. मी राखीव राह्यते.”

“काहून?”

“माहा हात शेवटी कमी पडते. फोन अटकते म्हणून म्हणत होतो आपन, पण मलेच वाटते, मी घाई करते म्हणून होते ते. पियुषभाऊंचं नुकसान नाही झालं पाह्यजे.”

त्याला जे हवं होतं ते त्याच्या हातात आलं होतं. तो “पाहू” म्हणाला. मग “बरं” म्हणाला.

रविवारी दुपारी बैठकीत दोघं मित्र बसले, मधे नेहमीसारखी तांदूळ निवडत अम्मी. पहिला डाव ते जिंकले. खरं तर पियुष जिंकला. रिजवान फक्त पडला नाही. तरी त्यानं हात वर केला तेव्हा पियुषनं टाळी दिली, पण नजर फोनवरच ठेवून. दुसऱ्या डावात समोरच्यांनी रिजवानला हेरलं. त्यांनी वाऱ्यात लहरणाऱ्या त्या सुंदर गवतातून अख्खी फौज आणली, आणि त्याला ती दिसली तेव्हा ती त्याच्या दरवाज्यात होती. किल्ला पडला.

“गवतात होते बे!” पियुष ओरडला. “सगळेच्या सगळे गवतात! भाभी असती त—” आणि तो थांबला.

एक-एक झालं होतं. तिसऱ्या डावाआधी थोडी सुट्टी होती. कहकशां आतून आली. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि ‘बघा’ असंही काही नव्हतं. हातात मात्र तसबीह, जपाची माळ, होती. इतका वेळ ती आत बसून नवऱ्यासाठी दुआ मागत होती.

“तुहा फोन आण,” पियुष तिला म्हणाला. “एक डाव खेळ. अटकला त अटकला.”

“माह्यावर आता काहीच नाही,” ती म्हणाली. “बटनं सगळी पहिल्यासारखी करून टाकली मी. कंपनीतून येतात तशी. मले वाटलं, मीच काहीतरी उलटंसुलटं लावून ठेवलं, म्हणून फोन थकते.”

रिजवाननं मान वर केली. उन्हाळ्यापासून चिमूट चिमूट करून तिनं जे जमवलं होतं, ते तिनं स्वतःच्या हातानं पुसून टाकलं होतं. त्यानं ते कधी पुसलं नसतं. इतका वाईट आपण नाही, असं तो आजवर मनात धरून होता. आणि पुसायला लावलं त्यानंच.

“टॉवर नाही,” तो म्हणाला.

“काय?” पियुषनं विचारलं.

“टॉवर नाही. फोन तापते. गादीच्या पायी. कापूस गरमी बाहेर जाऊ देत नाही, मंग फोन हळू होते.” तो उठला, तिच्या हातातला फोन घेतला, मागचं कव्हर नखांनी ओढून काढलं आणि कोपऱ्यातल्या उघड्या शहाबादी फरशीवर ठेवला. जानेवारीची फरशी होती, बर्फासारखी. “इथी खेळ.”

कहकशां फोनकडे नाही, त्याच्याकडे पाहत होती. “केव्हा समजलं तुमाले?”

त्यानं काढलेलं कव्हर खिशात घातलं.

“आत्ता?”

“त्या दिवशी,” तो म्हणाला. “तू पाणी प्याले उठली होती.”

पियुषनं दोघांकडे पाहिलं. “मजाक करून राह्यला का बे? आठ दिवस आमी गच्चीवर जाऊन मेलो.”

“मजाक नाही,” कहकशां म्हणाली. “यायले माहीत होतं. सांगतलं नाही.” तिचा आवाज चढला नाही. अम्मी तांदूळ निवडायची थांबली होती. कहकशांनं तिच्याकडंही वळून पाहिलं, जणू तिनंही नीट ऐकलं ना याची खात्री करून घेतली. मग ती फरशीवर बसली.

सुट्टी संपत आली होती. तिनं सेटिंग उघडली. बटणं एकेक करून जागेवर जाऊ लागली; मोठं झालं, खाली आलं, फिकं झालं. ती बघून नव्हती लावत. ती डोळे अर्धे मिटून बोटं फोनच्या काचेवर ठेवायची, जिथं बोट पडेल तिथं बटण ओढून आणायची. निशाणा आपोआप नको. थरथर नको. नकाशाचा वेग या टोकाला, किंचित मागे, अजून किंचित. सावली बंद, पाऊस बंद. शेवटी गवत.

रिजवान भिंतीला टेकून उभा होता. आपण काय तोडलं होतं आणि ते किती पटकन पुन्हा उभं राहिलं, हे त्याला दिसत होतं. त्याला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण त्या बऱ्याच्या आत तीच जुनी जळजळ होती. माझी बोटं अशी का नाहीत, हा प्रश्न तिथं तसाच बसून होता.

तिसरा डाव लांबला. फोन एकदाही अडखळला नाही. पियुष “डावी वाट, भाभी, डावी” म्हणे आणि ती तिथं आधीच पोचलेली असे. किल्ला पडला तेव्हा पियुष उडाला, अम्मीनं दोघांची एकदमच दृष्ट काढली, पण रिजवानकडं टाळीसाठी कुणी हात केला नाही.

“यवतमाळले मी आन पियुषभाऊ खेळतो,” कहकशां त्याला म्हणाली. “तुमी राखीव.”

“हाओ.”

“पण घरी नाही बसाचं. सोबत यायचं. तिथी टेबल कसे असन, गरमी किती असन, मले नाही समजत. तुमाले समजते. फोन तुमी पाहाचा.” ती थांबली. “आन समजलं का लगेच सांगाचं. तोंडावर.”

त्यानंतर चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. लाल गोटाची गादी तिनं पेटीत ठेवून दिली. राळेगावला तिनं वडिलांना काय सांगितलं ते त्यानं विचारलं नाही.

यवतमाळचा हॉल लग्नाचा होता. दिवे प्रखर होते आणि टेबलांवर झालरीची मखमल. रिजवाननं आल्याआल्या कहकशांसमोरची मखमल दुमडून बाजूला सारली, पिशवीत आणलेल्या जेवणाच्या दोन स्टीलच्या ताटल्यांतली एक काढली, पालथी घातली आणि तिच्यावर फोन ठेवला. आजूबाजूचे खेळाडू हसले. बुरखा घेतलेली बाई आणि समोर पालथी ताटली! लढत सुरू झाली तसे ते हसायचे थांबले. मग एकेक करून लोक तिच्या मागे येऊन उभे राहू लागले.

“बोटं पाह्य हिची,” कुणीतरी म्हणालं. “बोटं पाह्य!”

रिजवान तिच्या उजव्या हाताशी बसला होता. मधूनच तो ताटलीखाली बोट घालून बघे, मग हात मागे घेई. लोक त्याच्या खांद्यावरून वाकत होते, त्याला कोपरानं बाजूला सारत होते. पियुषला कुणीतरी ‘भाऊ’ म्हणत पाणी आणून दिलं. रिजवानला कुणी दिलं नाही.

गर्दीतल्या एका टोपीवाल्या माणसानं शेवटी त्याच्याकडं पाहिलं. “तुमी कोन? यायचे कोच का?”

“नवरा,” रिजवान म्हणाला. आणि मग त्याला राहवलं नाही. “मीच शिकवलं हिले.”

कहकशांची बोटं थांबली नाहीत. “हाओ,” ती फोनवरून नजर न काढता म्हणाली, “यायनंच शिकवलं. आता बोलू नका.”

टोपीवाला ‘हो का?’ असं काहीतरी पुटपुटला, पण तोपर्यंत तो पुन्हा तिच्या बोटांकडे वाकला होता. रिजवान थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. अजून एखादा प्रश्न त्यानं विचारायला हवा होता, निदान कसं शिकवलं एवढं तरी. त्यानं विचारलं नाही. रिजवाननं ताटलीखाली बोट घातलं. ती कोमट लागायला लागली होती.

“तापून राह्यली,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “या डावानंतर बदलतो.”

तिनं मान हलवली आणि शिपाई डाव्या वाटेला धाडले.